पहिल्या पायरीवरचा हंडा

दहिसर
१० नोव्हेंबर २०२४

ती. आजोबा,

नमस्कार. आधी चष्मा लावा आणि मग वाचा, कारण तुमच्याकडून काम करून घ्यायचंय. फोन केला असता, पण तुम्ही दोनदा "काय? काय?" करता आणि फोन आजीच्या हातात देता. हे आजीला एवढ्यात कळायला नकोय.

मी मराठी विकिपीडियावर लिहिते हे तुम्हाला माहीत आहे. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं असा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. दिवाळीत आजीने तुमच्या घाटकोपरच्या दिवसांतली हंडा मोर्च्याची गोष्ट सांगितली ना, ती मी घरी येऊन लिहून टाकली. १९८१ साल, डोंगरावरची कातळवाडी, सगळ्या चाळींना मिळून एक नळ, बायकांनी वॉर्ड ऑफिसच्या जिन्यावर रिकामे हंडे मांडले आणि नळ मिळेपर्यंत उचलले नाहीत. शेवटी लिहिलं, "मोर्च्याचे नेतृत्व मथुरा सहदेव घाडी यांनी केले." ते वाक्य लिहिताना काय भारी वाटलं म्हणून सांगू!

आठ दिवसांत प्रज्योत नावाच्या एका सदस्याने प्रत्येक वाक्यापुढे "संदर्भ हवा" अशी पाटी लावली. आजीचं वाक्य तर त्याने काढूनच टाकलं. म्हणतो, ही माहिती कुठे छापून आली आहे ते दाखवा. डिसेंबरअखेरपर्यंत काही मिळालं नाही तर अख्खा लेख जाणार.

नियम त्याच्या बाजूने आहे, मला माहितीये. पण राग यायचा तो आलाच. आजोबा, तुम्ही चौतीस वर्षं 'दैनिक लोकघंटा'च्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. एवढी मोठी गोष्ट कुठेतरी छापून आलीच असेल ना? मला आजीचं नाव परत तिथे हवंय.

तुमची,
निधी


मुलुंड
१६ नोव्हेंबर २०२४

चि. निधी,

आशीर्वाद आहेतच, पण आज राग जास्त आहे. कोण हा प्रज्योत? वय काय त्याचं? कातळवाडीचा डोंगर चढलाय का कधी पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन? संदर्भ हवा म्हणे! संदर्भ आमच्या स्वयंपाकघरात बसून बांगडे साफ करतोय, म्हणावं ये आणि बघ.

मी स्वतः होतो गो तिथे. नळावर हंड्याने नंबर लागायचा. हंडा रांगेत ठेवायचा आणि बाईने घरची कामं करायला जायचं. हंड्यांची अदलाबदल व्हायची, मग झिंज्या धरेपर्यंत भांडणं. म्हणून मी सगळ्यांच्या हंड्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटने नावं घातली होती. जुळाऱ्याचा हात, अक्षर कसं मोत्यासारखं. पहिला हंडा अर्थात घरचा. मोर्च्याला तेच हंडे निघाले. तुझा बाप निलेश सहा वर्षांचा होता, त्याला शेजारच्या शकुच्या सासूकडे ठेवून तुझी आजी निघाली. पायात चप्पल नाही, डोळ्यांत अशी काही आग की मी "जेवायला येशील ना?" एवढंसुद्धा विचारलं नाही.

असो. सोबत दोन कागद पाठवतो. एक, आमच्या रहिवासी मंडळाची पंचवीस वर्षांची स्मरणिका, पान नऊ बघ. दुसरं, एका पुढाऱ्याच्या साठीचं पत्रक. त्यात नळ त्यानेच आणला असं लिहिलंय, ते सोड, पण मोर्चा झाला एवढं तरी कबूल आहे. हे तोंडावर मार त्या पोराच्या.

तुझ्या आजीला मी काही बोललेलो नाही. तिला कळलं तर ती दहिसरला येऊन त्या कॉम्प्युटरशी भांडेल.

आजोबा


दहिसर
२२ नोव्हेंबर २०२४

ती. आजोबा,

तुमचं पत्र ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एवढी हसले की डबा तसाच राहिला.

आता वाईट बातमी. स्मरणिका चालणार नाही. संपादक कोण, सहदेव घाडी. जुळणी कोणाची, सहदेव घाडी. पान नऊवरचा लेख कोणाचा, "सौ. मथुरा घाडी यांनी सांगितल्याप्रमाणे, शब्दांकन सहदेव घाडी". अहो, आपणच आपली पाठ थोपटायची आणि वर पावती फाडायची, असं झालं हे! ज्याचा त्या गोष्टीशी संबंध नाही, ज्याला त्यातून काही मिळवायचं नाही, अशा माणसाने तपासून छापलेलं हवं. पत्रकाचं तेच. पुढारी स्वतःच्या साठीला स्वतःबद्दल काय छापणार?

प्रज्योतवर चिडू नका. मीसुद्धा दुसऱ्यांच्या लेखांवर याच पाट्या लावते. मागच्या महिन्यात एकाने आपल्या काकांना थोर समाजसेवक ठरवलं होतं, तो लेख मीच काढायला लावला. तेव्हा मला कोणाच्या आजीची आठवण झाली नव्हती.

पण एक सांगा. मी 'लोकघंटा'बद्दल विचारलं होतं, त्यावर तुम्ही अक्षरही काढलं नाहीत. स्वतःच्या पेपरचं नाव निघालं की तुम्ही तासभर बोलता. बातमी आली होती का?

निधी


मुलुंड
१ डिसेंबर २०२४

चि. निधी,

'लोकघंटा'त काही आलं असेलसं वाटत नाही. आलं असलं तरी दोन ओळी. किती जुनी गोष्ट, कोणाच्या लक्षात राहणार? तो विषय सोड.

त्यापेक्षा झकास बातमी ऐक. काम झालं! आपल्या मुलुंडात राजेश म्हणून एक जण साप्ताहिक काढतो, चांगला मुलगा, रीतसर नोंदणी केलेला पेपर आहे. त्याला मी गाठलं, सगळी माहिती पुरवली. परवाच्या अंकात तीन कॉलम छापलेत, वर तुझ्या आजीचा फोटो. कात्रण सोबत आहे. राजेश आपला कोणी लागत नाही, त्याला यातून काही मिळवायचं नाही. आता काय म्हणेल तुझा प्रज्योत?

हे छापून आल्यावर आजीपासून लपवणं शक्यच नव्हतं. सगळं सांगितलं. ती आधी "म्हाताऱ्याक काय कामधंदो नाय" म्हणाली, आणि मग पेपर घेऊन प्रत्येक मजल्यावर जाऊन आली. तळमजल्यावरच्या मालनबाईंना तर दोनदा दाखवला. मी पेढे वाटले. त्रेचाळीस वर्षांनी बाईचं नाव पेपरात आलं, पेढे नको वाटायला?

ती एवढंच म्हणाली, "त्या वेळच्या मेल्या वार्ताहराला दिसलं नव्हतं, आज तरी कोणाला दिसलं." तू आता ते वाक्य परत घाल आणि मला कळव.

आजोबा


दहिसर
८ डिसेंबर २०२४

ती. आजोबा,

कात्रण मिळालं. फोटोत आजी काय रुबाबात बसलीये! तो मी भिंतीवर लावलाय.

पण मी ते संदर्भ म्हणून वापरणार नाही. रागावण्याआधी पुढचं वाचा.

राजेशने लिहिलंय, "रिकाम्या हंड्यांनी भरलेला तो जिना पाच दिवस महानगराला जाब विचारत होता." आजोबा, हे वाक्य माझं आहे! दिवाळीच्या झोकात मी लिहिलं होतं, प्रज्योतने "अलंकारिक" म्हणून खोडलं. आणि "पाच दिवस" ही माझीच चूक. आजीने तीन सांगितले होते, मी नंतर दुरुस्त केलं. म्हणजे पहिल्या पत्रासोबत मी पाठवलेला माझा मूळ लेखच तुम्ही राजेशला नेऊन दिलात आणि त्याने तो जसाच्या तसा टाकला. हो की नाही?

आता मी लेखाला राजेशचा संदर्भ द्यायचा, आणि राजेशचा संदर्भ कोण, तर मी. माझीच चूक माझा पुरावा होऊन परत माझ्याकडे आली.

खरं सांगते, मोह झाला. छापील साप्ताहिक, तारीख, अंक, पान, सगळं होतं. प्रज्योतला कळलंही नसतं. मी ओळ टाइप केली होती, फक्त 'प्रकाशित करा' दाबायचं बाकी होतं. मग विचार केला, आजीने तो जिना खरोखर अडवला होता. खऱ्याखुऱ्या गोष्टीला खोटा टेकू कशाला द्यायचा? म्हणून खोडलं. खोडताना रडू आलं, पण खोडलं.

एका जुन्या ग्रंथालयात 'लोकघंटा'च्या फायली आहेत असं कळलंय. २१ तारखेला शनिवार आहे, सुट्टी आहे. जाऊन एप्रिल १९८१ चे सगळे अंक बघणार आहे. दोन ओळी तर दोन ओळी.

निधी


मुलुंड
१३ डिसेंबर २०२४

चि. निधी,

हे पत्र कुरिअरने पाठवतोय, तू त्या ग्रंथालयात जाण्याआधी मिळावं म्हणून.

राजेशचं तू म्हणतेस ते खरं आहे. त्यात काही चुकलं असं मला वाटलंच नव्हतं. आमच्या काळी छापलं म्हणजे झालं. पण ते सोड, मला दुसरंच सांगायचंय.

'लोकघंटा'त बातमी आली होती. तुला मिळेल, पान पाच, खालचा कोपरा. त्यात एकाही बाईचं नाव नाही. नावं मी काढली.

त्या संध्याकाळी बातमी माझ्याच हातात आली. वार्ताहराने चांगली लिहिली होती. शेवटच्या परिच्छेदात चार बायकांची नावं होती, पहिलं मथुरा सहदेव घाडी. ते नाव मी माझ्या हातांनी जुळवलं. एकेक खिळा लावताना छाती अशी फुगली होती की काय सांगू. पण पान लावताना मजकूर चार ओळी जास्त झाला. उपसंपादक म्हणाले, "घाडी, कुठूनही चार ओळी काढ." कुठूनही म्हणाले होते. शेजारीच आंब्याच्या आवकीची बातमी होती, तिच्यातून काढल्या असत्या तरी कोणाचं काही बिघडलं नसतं.

पण माझ्या डोक्यात आलं, उद्या सगळे म्हणतील, घाडीने बायकोचं नाव छापून आणलं. प्रेसमध्ये मी सरळ माणूस म्हणून ओळखला जायचो, त्याचा मला फार तोरा. त्या तोऱ्यापायी मी तिच्या नावाच्या ओळी उचलल्या आणि खिळे परत पेटीतल्या त्यांच्या घरांत टाकून दिले. तिच्याबरोबर बाकी तिघीही गेल्या, त्यांचा तर काही संबंधच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या चाळीने पेपर आणला. हिने मला विचारलं, आमची नावं कशी नाहीत? मी म्हटलं, वार्ताहराने दिलीच नसतील. तेव्हापासून ती त्या माणसाला शिव्या घालते, आणि मी समोर बसून ऐकतो. स्मरणिका काढली, राजेशच्या मागे लागलो, ते सगळं याचसाठी.

तू ती ओळ टाइप करूनही खोडलीस हे वाचून मला तुझा फार अभिमान वाटला. आणि स्वतःची फार लाज वाटली. तिला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

आजोबा


दहिसर
२२ डिसेंबर २०२४

ती. आजोबा,

काल गेले होते. तुम्ही सांगितलंत तसंच, पान पाच, खालचा कोपरा. "महिलांनी जिन्यावर हंडे मांडले." शेजारी आंब्याची आवक, पूर्ण छापलेली. तुमचं पत्र पर्समध्ये होतं, आणि मला तुमचा राग येत होता, आणि तुमच्याबद्दल वाईटही वाटत होतं.

फाइल परत करायला गेले तर तिथले धम्मपाल म्हणून कर्मचारी आहेत, त्यांनी विचारलं काय शोधताय. सांगितलं. ते घाटकोपरलाच वाढलेले. म्हणाले, "घाटकोपरची बातमी आणि तुम्ही गुजराती पेपर बघितले नाहीत? अर्धं घाटकोपर गुजराती वाचायचं." आजोबा, हे आपल्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही! कातळवाडीत गुजराती पेपर कोण घेणार होतं?

त्यांनी एका गुजराती दैनिकाची फाइल काढली, तो पेपर आता बंद आहे. मोर्चा मिटला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा अंक. पान तीनवर एवढा मोठा फोटो. जिना, हंडे, हंडे, हंडे, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर एक काळपट हंडा, त्यावर पांढऱ्या रंगात मराठीत लिहिलेलं: "मथुरा सहदेव घाडी". तुमचं अक्षर आजोबा! स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आहे तेच, तोच ऐटबाज 'थ'.

खालची बातमी धम्मपालांनी वाचून दाखवली. हंडे तीन दिवस होते. आणि पहिला हंडा "मथुराबेन घाडी"ने ठेवला. मथुराबेन! मी तिथे एवढ्या जोराने "येस!" ओरडले की लोक वळून बघायला लागले.

फोटोची प्रत सोबत आहे. भिंग घेऊन बघा. तुम्ही पेपरातून नाव काढलंत, पण त्याआधी ते हंड्यावर घालून बसला होतात.

आता लेखाचं. वाक्य मी परत घातलेलं नाही. मी तिची नात आहे हे मी तिथे कुठेच सांगितलं नव्हतं, ती लबाडी माझी. काल रात्री चर्चापानावर सरळ लिहिलं, "मथुरा घाडी माझी आजी आहे, म्हणून तिच्याबद्दल मी लिहिणं बरोबर नाही. संदर्भ इथे ठेवते, तपासा आणि ठरवा." मी दिलेल्या भाषांतरावर प्रज्योतने विश्वास ठेवला नाही, गुजराती वाचणाऱ्या दुसऱ्या सदस्याकडून सगळं वाचून घेतलं. आज सकाळी त्याने स्वतः लिहिलं, "पहिला हंडा मथुरा घाडी यांनी ठेवला." नेतृत्व केलं असं नाही, कारण बातमीत तसं नाही. पाट्या गेल्या, लेख राहिला. खाली त्याने मला लिहिलं, "तुमच्या आजींना नमस्कार सांगा."

घरचं माणूस म्हणून तुम्ही तिची ओळ काढलीत. घरचं माणूस म्हणून मीही ती ओळ परत घातली नाही. फरक एवढाच की का ते मी सगळ्यांना सांगितलं. तुम्हीही सांगा. मी पाच जानेवारीला येतेय, त्याच्या आत.

तुमचीच,
निधी


मुलुंड
२ जानेवारी २०२५

गो निधी,

मी आजी. सांगतेय मी, लिहितायत हे. ही त्यांची शिक्षा आहे. मी बोलेन ते सगळं लिहायचं, एक ओळ गाळायची नाही, अशी तंबी दिलीये.

यांनी मला नाताळच्या दिवशी सांगितलं. हातात फोटो दिला आणि शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. दोन दिवस मी यांना नुसती पेज वाढली. मला राग माझ्या नावाचा नव्हता. तिघी जणी होत्या माझ्याबरोबर, त्यांतली एकच आता जिवंत आहे, ती शकु. तिला काय सांगू? तर परवा यांना हाताला धरून घाटकोपरला नेलं, शकुसमोर उभं केलं आणि म्हटलं, आता हिला सांगा. शकु सगळं ऐकून म्हणाली, "मेल्या सहदेवा, माझा हंडा तिसऱ्या पायरीवर होता, तो दिसतो का फोटोत?" भिंग लावलं. दिसतो. अर्धं नाव दिसतं. तेवढ्यावर ती खूश.

आणि त्या बिचाऱ्या वार्ताहराला मी एवढी वर्षं शिव्या घातल्या गो! त्याने तर सगळ्यांची नावं लिहिली होती. त्याचं नाव पण घाल तुझ्या त्या कोशात. हे म्हणतात बातमीवर नुसतं "आमच्या वार्ताहराकडून" छापायचे, त्यामुळे पुरावा नाही. मग नको घालू. पण मी देवापुढे त्याची माफी मागितली.

प्रज्योतला सांग, नमस्कार पोचला. पोरगा वाईट नाही. त्याला एकदा जेवायला घेऊन ये, सुरमई करते. नेतृत्व-बितृत्व त्याने लिहिलं नाही तेच बरं केलं. नेतृत्व कोणी केलं नव्हतं, सगळ्या आपापल्या हंड्यामागे उभ्या होत्या. पण पहिला हंडा माझा होता.

का ते तुला सांगते, हे कुठल्याच पेपरात नाही. यांनी हंड्यावर माझं नाव घातलं तेव्हा पहिल्यांदा मी माझं अख्खं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत बघितलं. रेशनकार्डावर मी शेवटच्या ओळीत होते. मला वाटलं, वॉर्ड ऑफिसचा साहेब जिना चढायला येईल तेव्हा त्याने पहिलं हेच वाचावं. म्हणून सगळ्यात खालची पायरी धरली. साहेब आला, थांबला, त्याने नाव वाचलं आणि विचारलं, "ही मथुरा घाडी कोण?"

मी पुढे झाले आणि म्हटलं, "मी."

तुझी आजी,
मथुरा सहदेव घाडी

ता. क. वरचा मजकूर सांगितला तसा लिहिला आहे. कागद संपत आला होता, मी अक्षर लहान केलं. एकही ओळ काढलेली नाही. - सहदेव